२४ लिटरची सॅक: तुरिनमधलं वर्ष आणि जेनोआचा वीकेंड

सप्टेंबरमध्ये इटलीतल्या तुरिनला मास्टर्ससाठी आले तेव्हापासून ही सॅक रोज पाठीवर आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा सॅक बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला बोलायचंय ते मापाबद्दल आणि बांधणीबद्दल. ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटर, म्हणजे हिशेबाने २४ लिटर. युरोपातल्या काही स्वस्त विमान कंपन्या सीटखाली फुकट ठेवू देतात ते हेच माप. घेतली विमानासाठी, पण तिचा कस लागला तो वर्गातल्या मुलामुलींबरोबर आगगाडीने जेनोआला गेले तेव्हा.

रोजच्या वापराचं आधी सांगते. लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, स्वेटर एवढं आरामात मावतं. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून आहे, हे मला सगळ्यात आवडलं. वजन अंगाजवळ राहतं, खांदे मागे ओढले जात नाहीत. तांदळाची पाच किलोची पिशवी आणि दूध घालून कितीदा तरी दुकानातून चालत आले, पट्ट्यांची शिवण अजून जशीच्या तशी आहे.

आता जेनोआ. तुरिनच्या पोर्ता नुओव्हा स्टेशनवरून अस्ती, अलेस्सांद्रिया करत गाडी साधारण दोन तासांत पोचते. शेवटी डोंगरातले बोगदे लागतात आणि मग एकदम शहर. डोंगर आणि समुद्र यांच्यात जागाच इतकी कमी, की घरं उतारावर एकावर एक चढत गेली आहेत. बंदरामागच्या जुन्या गल्ल्यांना तिथे कारुज्जी म्हणतात. काही इतक्या अरुंद, की समोरून माणूस आला तर अंग चोरूनच जावं लागतं. आमची राहायची जागा वर चढावर होती आणि शेवटची वाट म्हणजे तिथली ठरलेली क्रेउझा: मधोमध विटांची पट्टी, दोन्ही बाजूंना बसवलेले दगड, मधूनमधून पायऱ्या. दोघांकडे चाकांच्या बॅगा होत्या. त्या वाटेवर चाकं चालेनात. शेवटी बॅगा उचलूनच न्याव्या लागल्या आणि आम्ही सॅकवाल्यांनी आळीपाळीने हात दिला. कुणी जेनोआला निघालं असेल तर कळकळीने सांगते, चाकांची बॅग नेऊ नका.

रविवारी सकाळी खोली सोडल्यावर सामान दिवसभर पाठीवरच होतं. छातीवरची आडवी पट्टी इथे उपयोगी पडते. ती लावली की चढावर सॅक हलत नाही. सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये मात्र सॅक काढून पुढे घेतली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं हे चर्च. १९४१ साली ब्रिटिश नौदलाने शहरावर तोफा डागल्या तेव्हा एक गोळा आत येऊन पडला, पण फुटला नाही. तो अजून तिथे ठेवलाय. आमच्यातली इंग्लंडहून आलेली मुलगी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, कुणी काही बोललं नाही. मग व्हिया गारिबाल्दी हा रस्ता. तिथले जुन्या श्रीमंत घराण्यांचे वाडे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तिथून कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागात जाणारी जुनी लिफ्ट घेऊन वर गेलो. वरून छपरं, बंदर आणि लांब ७७ मीटर उंच लान्तेर्ना दीपस्तंभ एका नजरेत दिसतो.

जेवण बंदरासमोरच्या सोत्तोरिपाच्या कमानींखाली. शाकाहारी असाल तर फारिनाता शोधाच. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस. तांब्याच्या मोठ्या थाळ्यात घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, आत मऊ, आपलं जाड धिरडंच म्हणा ना. उरलेली कागदात गुंडाळून पुढच्या कप्प्यात टाकली आणि तेल कापडाला लागलं. भांड्यांच्या साबणाने डाग बराच गेला, बारकाईने पाहिलं तर अजून दिसतो.

दुपारी बोक्कादास्सेला गेलो. शहरातच असलेली कोळ्यांची जुनी वाडी, रंगीत घरं, गोट्यांचा छोटा किनारा. पोहून झाल्यावर ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून तळाशी ठेवले. सॅकला ओल्या कपड्यांसाठी वेगळा कप्पा नाही, आणि तो असायला हवा होता. दुसरी उणीव चेनची. किनाऱ्यावर सॅक उघड्यावरच होती. आठवड्याभरात बाहेरच्या चेनचा धातूचा सरकता भाग पांढरा पडून अडकायला लागला. मी रत्नागिरीची, खारा वारा लोखंडाचं काय करतो ते लहानपणापासून पाहिलंय. कोमट पाण्याने धुऊन, जुन्या टूथब्रशने चेनचे दात घासून, वरून मेणबत्ती फिरवली. आता सुरळीत चालते. समुद्रावरून आल्यावर त्याच रात्री चेन गोड्या पाण्याने धुवा. बाटलीच्या कप्प्याचं इलॅस्टिकही सैल झालंय, वाकलं की बाटली खाली पडते.

एवढं असूनही कुणी विचारलं तर हीच सॅक घ्या म्हणेन, आणि भारतातूनच घेऊन या, म्हणजे विमानात हातात न्यायचा लॅपटॉप तिच्यातच येतो. दुकानात घेताना चेन भरलेल्या सॅकवर ओढून बघा, रिकाम्यावर सगळ्याच चालतात. पावसाचं कव्हर सोबत येत नाही. तिकडच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरदार पाऊस कोसळतो, २०११ आणि २०१४ साली जेनोआत पूर आले होते. आम्ही ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावरच्या कामोल्यी गावाहून सान फ्रुत्तुओझोच्या मठाला जायचं ठरवलंय. तिथे मोटारीचा रस्ता नाही, बोटीने किंवा डोंगरातून चालतच जावं लागतं. त्याआधी कव्हर घेणार आहे.