आंगथॉंगसारख्या छोट्या गावात राहून थाई शिकणं : वर्षभराचा अनुभव

नवऱ्याला इथल्या फॅक्टरीत नोकरी लागली आणि आम्ही नाशिकहून आंगथॉंगला आलो, त्याला आता वर्ष होत आलं. बँकॉकच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, चाओ फ्राया नदीकाठचं गाव आहे. प्रांताचं मुख्य ठिकाण असलं तरी परदेशी माणसाला थाई शिकवणारा क्लास मला इथे एकही सापडला नाही. क्लास करायचा तर बँकॉकच्या मोचित बस स्टँडची व्हॅन पकडायची, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला, आणि लेक लहान असताना ते जमण्यातलं नव्हतं. त्यामुळे घरी बसून जे मिळेल त्यावर शिकत गेले. आज बाजार, दवाखाना, लेकीची बालवाडी, नळवाला, घरमालकीण सगळं थाईत निभावतं. नोकरीनिमित्त अशा फॅक्टरीच्या गावांत येणाऱ्या मराठी लोकांसाठी काय कामाला आलं आणि काय नाही ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ती मी अगदी ठासून सांगेन. थाई रोमन अक्षरांतून शिकू नका. जवळजवळ सगळी अॅप्स आणि पीडीएफ रोमनमध्ये असतात, त्यात स्वर ऱ्हस्व की दीर्घ कळत नाही, ओ की ऑ कळत नाही, सूर (आवाजाचा चढ-उतार, तो बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो) तर नाहीच नाही. आणि आपल्याला त्याची गरजही नाही, कारण थाई लिपी जुन्या ख्मेर लिपीतून आली आणि ती दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून, त्यामुळे अक्षरांचा क्रम सरळ आपली बाराखडीआधीची वर्णमालाच आहे! क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म, मग य र ल व, मग श ष स ह, आणि चक्क ळ सुद्धा. मध्ये मध्ये त्यांनी स्वतःची काही अक्षरं घातलीत, एकूण 44 होतात, त्यातली दोन आता कुणी वापरत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून बालवाडीचा तक्ता आणला आणि फ्रीजवर लावला. प्रत्येक अक्षराला एक चित्र असतं, आपल्या क कमळाचा तसं. ष ला ऋषी आहे, आणि ड च्या जागेवरच्या अक्षराला चक्क मंदोदरी, थाईत तिला मॉन्थो म्हणतात.

आता यातली खरी कमाई सांगते. थाईत पाच सूर आहेत आणि शब्दाचा सूर कुठला हे ओळखताना सगळ्यात आधी बघायचं ते अक्षर कुठल्या गटातलं आहे ते. गट तीन, मध्य, उच्च आणि निम्न. इंग्रजीतून शिकणारे लोक ही यादी घोकून घोकून थकतात. आपल्याला घोकायचं काहीच नाही. वर्गातलं पहिलं अक्षर (क च ट त प) मध्य, दुसरं (ख छ ठ थ फ) उच्च, तिसरं चौथं पाचवं निम्न. श ष स उच्च, य र ल व ळ निम्न. त्यांनी वाढवलेली अक्षरं तेवढी वेगळी लक्षात ठेवायची. हे मला कुठल्याही धड्यात मिळालं नाही, तक्त्यासमोर उभी राहून उजळणी करताना दिसलं, आणि त्या दिवसापासून वाचन झपाट्याने पुढे गेलं. काळाच्या ओघात त्यांच्याकडे ग चा उच्चार ख झाला, द चा थ, ब चा फ, पण लिहिताना अक्षर वेगळंच राहिलं. म्हणून गुरू तो ख्रू, नगर ते नाखॉन, दोष तो थोत, बुधवार तो वान फुत. शेवटचा र उच्चारात न होतो, म्हणून आहार तो आहान. हे दोन-तीन नियम बसले की दुकानाच्या पाट्या आपोआप ओळखीच्या वाटायला लागतात.

महिन्यांची नावं तर मी एका दुपारीत पाठ केली कारण त्या बारा राशी आहेत. जानेवारी मकराखोम, फेब्रुवारी कुम्फाफान, मार्च मीनाखोम, मे फ्रुत्साफाखोम (वृषभ), ऑगस्ट सिंहाखोम, ऑक्टोबर तुलाखोम. शेवटी खोम असेल तर महिना 31 चा, योन असेल तर 30 चा. आणि साल बुद्धाचं असतं, इसवी सनात 543 मिळवायचे, दुधाच्या पिशवीवर 2568 दिसलं तर घाबरू नका 😀

आता साधनं. एका नावाजलेल्या अॅपची वर्षाची फी भरली होती, नाव लिहीत नाही. गेमसारखं आहे, वेळ छान जातो, पण माझा सूर चुकला तरी हिरवी टिक मिळत होती, मग उपयोग काय. अँकी (शब्दांची कार्डं घोकून घेणारं अॅप) मात्र रोज चालू आहे. कार्डाच्या एका बाजूला फक्त थाई लिपी आणि आवाज, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, रोमन कुठेच नाही. यूट्यूबवर कॉम्प्रिहेन्सिबल थाई म्हणून चॅनल आहे, फुकट आहे, शिक्षिका फळ्यावर चित्रं काढत फक्त थाईत बोलत राहतात आणि अगदी नवख्यांपासून पुढच्या पायऱ्यांपर्यंत वेगवेगळे व्हिडिओ आहेत. पोळ्या करताना लावून ठेवते. सुरुवातीला वाटतं काहीच शिकत नाहीये, दोन-तीन महिन्यांनी कान तयार झालेला असतो. ऐकण्यासाठी यापेक्षा चांगलं मला काही मिळालं नाही.

पण बोलण्यासाठी माणूसच लागतो, समोर बसून चूक पकडणारा. ऑनलाइन शिक्षिका काही दिवस केली, चांगली होती, पण नेटच्या आवाजात सूर नीट पकडता येत नव्हते. मग घरमालकिणीने गल्लीतल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेकडे नेलं. त्यांना सगळे ख्रूच म्हणतात, मीपण. आठवड्यातून दोनदा जाते, तासाला साडेतीनशे बाट देते, त्यांना इंग्रजी येत नाही आणि तेच बरं आहे. क्लाइ सपाट सुरात म्हटलं तर लांब, वरून खाली सोडलं तर जवळ. बाजार जवळ आहे का असं मी विचारलं की माझा आवाज वाक्याच्या शेवटी वर जायचा, कारण मराठीत प्रश्न असाच विचारतात, आणि अर्थ भलतीकडे. ख्रू काय करतात तर वहीत शब्द लिहून त्याच्यावर पेन्सिलीने सुराची रेघ काढतात, मग मी बोलताना तीच पेन्सिल रेघेवरून फिरवतात, पेन्सिल खाली येते तेव्हा आवाज खाली आलाच पाहिजे. नाही आला तर पेन्सिल तिथेच थांबते आणि मी परत म्हणायचं. न रागावता, न कंटाळता. मला वाटतं प्रत्येक गावात अशी एक निवृत्त बाई असतेच, तिला शोधा, घरमालकाला विचारा, बालवाडीत विचारा.

आपल्याला उच्चारात मोठा फायदा आहे, तो वापरा. काइ म्हणजे कोंबडी आणि खाइ म्हणजे अंडं, दोन्हींचा सूर एकच, फरक फक्त क आणि ख चा. इंग्रजी बोलणारे इथे अडकतात, आपल्याला लहानपणापासून सवय आहे. फक्त फ ला जपा, आपण हल्ली फळ सुद्धा फोनमधल्या फ ने म्हणतो, थाईत ते दोन वेगळे उच्चार आहेत. ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेतच. दोन स्वर मात्र नवे आहेत, एक ओठ न गोल करता ऊ म्हणायचा तो, त्याला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शाकाहारी लोकांसाठी : मंग्साविरत (मांस-विरती) हा शब्द पुस्तकी आहे, गावातल्या ठेल्यावर 'जे' लवकर समजतं. पण 'जे' जेवणात कांदा-लसूण सुद्धा नसतो, हे लक्षात ठेवा. आणि माइ साइ नाम प्ला, म्हणजे फिश सॉस घालू नका, हे वेगळं सांगावंच लागतं, नाहीतर नुसत्या भाजीतही पडतो. बोलताना नात्याने हाक मारा, आपल्यासारखंच आहे, मोठ्याला फी, लहानाला नॉंग, आईपेक्षा मोठ्या बाईला पा. भाजीवालीला पा म्हणून वाक्याच्या शेवटी आदराचं 'खा' लावलं (पुरुषांनी 'ख्रप') की ती थांबून, हळू बोलून, शब्द दोनदा सांगते.

अजून न जमलेलं बरंच आहे. लिहिताना शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे लांब मजकूर वाचायला वेळ लागतो. नव्या फॅशनच्या पाट्यांवर अक्षरांच्या गाठी काढून टाकतात, मग र आणि न ओळखू येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून गाड्यांच्या नंबरप्लेट वाचते, दोन अक्षरं आणि खाली प्रांताचं नाव, सिग्नलला लेकीबरोबर रोजचा सराव होतो. आणि शेजारच्या सुपनबुरी प्रांताकडून येणारे विक्रेते वेगळ्या हेलात बोलतात, सूरच बदलतात. ख्रूंना ते बोलणं येतं, पुढच्या महिन्यापासून त्या अर्धा तास त्याच हेलात बोलणार आहेत.