पिकअपखालची चीं चीं: सर्व्हिस सेंटर की मेस्त्री?

पिकअपच्या पोटाखालून चीं चीं सुरू झाली की आपल्याकडे दोन वाटा असतात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची किंवा ओळखीच्या मेस्त्रीच्या गॅरेजची. गेल्या पावसाळ्यात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या तीन आठवड्यांत मी दोन्ही वाटा धरून पाहिल्या. सध्या कुणी त्याच विचारात असेल, तर माझा अनुभव कामी यावा.

माझी गाडी आठ वर्षांची आहे, वॉरंटी केव्हाच संपली. गोव्यातल्या वाळपईकडच्या बागायतीतले नारळ, केळी, सुपारी भरून साखळी, डिचोली, अस्नोडा करत ती दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाते आणि रिकामी परतते. हे सांगतो, कारण पुढे तेच महत्त्वाचे ठरले. बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की डी-मॅक्स, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि मधून प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला पोचवणारा फिरता दांडा) असलेल्या कुठल्याही गाडीला हे सगळे लागू पडेल.

आवाज बारीक होता, चिमणीच्या चिवचिवाटासारखा. गाडी हलली की सुरू व्हायचा, वेग वाढला की चिवचिव जलद व्हायची आणि ४०च्या पुढे टायरच्या आवाजात हरवून जायची. जाताना कमी, येताना जास्त. कुठेही नेण्याआधी घरीच चार गोष्टी पाहून घेतल्या, त्या तुम्हीही जरूर पाहा. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून आवाज येत असेल तर तो इंजिनाच्या पट्ट्याचा. क्लच दाबल्यावरच येत असेल तर क्लचच्या बेअरिंगचा. चालत्या गाडीत ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर आवाज थांबला किंवा बदलला, तर ब्रेककडे बघायचे; पॅड झिजत आले की त्यावरची पोलादी पट्टी डिस्कला घासून मुद्दामच ओरडते. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला असेल तर कधीकधी गाडी थोडी मागे घेतली तरी तो सुटतो. नुसत्या गतिरोधकावर कुरकुरणारे पाटे किंवा त्यांचे बुश असतात. चाकाचे बेअरिंग सहसा चिवचिवत नाही, घुमते, आणि वळणावर त्याचा सूर बदलतो. अजून एक, दोन्ही काचा खाली करून चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून हळू गाडी न्या. गडग्यावरून आवाज परत येतो आणि डावीकडचा की उजवीकडचा ते कळते. माझा दोन्हीकडून सारखाच येत होता, म्हणजे मधला. ब्रेक दाबून त्यात काडीचाही फरक पडत नव्हता.

एवढे हाताशी घेऊन मी आधी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथली व्यवस्था खरोखर चांगली आहे. वेळ ठरवून जाता येते, जॉब कार्ड होते, जुना पार्ट मागितला तर दाखवतात, पक्के बिल मिळते. समोर बसलेल्या मुलाने माझे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. चिवचिव, रिकामी असताना जास्त, ब्रेकने फरक नाही, सगळे. मग त्याने संगणकावर टाइप केले, ‘अंडरबॉडी नॉइज’. गाडी धुवायला गेली, धुऊन लिफ्टवर चढली. संध्याकाळी मला कळले की मागचे ड्रम साफ केले, पुढचे पॅड बदलले, हँडब्रेक जुळवला, प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून पाहिला, त्यात ढिलेपणा नाही. घरी येईपर्यंत गाडी खरेच गप्प होती.

दोन दिवसांनी चीं चीं परत आली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हटले, जो माणूस गाडीखाली जाणार आहे त्याला माझ्या शेजारी बसवून एक फेरी मारू द्या, दहा मिनिटे लागतील. नाही म्हणाले. ग्राहकाने वर्कशॉपमध्ये जायचे नाही आणि मेकॅनिकने बाहेर यायचे नाही, असा नियम आहे. टेस्ट ड्राइव्हला वेगळा माणूस असतो, तो नंतर चालवून बघेल. मी काचेच्या खोलीत बसलो. काचेतून माझी गाडी लिफ्टवर दिसत होती आणि तिच्याखाली एक मुलगा टॉर्च घेऊन मनापासून शोधत होता. त्याच्या मेहनतीत मला काही कमी दिसले नाही. पण ज्या आवाजाला तो शोधत होता, तो त्याने एकदाही ऐकला नव्हता. मी सांगितले पहिल्याला, पहिल्याने लिहिले दोन शब्दांत, ते वाचले दुसऱ्याने, चालवून बघणार तिसरा. आवाज ऐकलेला मी एकटा, आणि मी काचेच्या बाहेर.

माझ्या मनात सगळे ठरले ते याच गोष्टीने. बाकी सगळे चालले असते. बिल जास्त आले तरी चालले असते, नको असलेले पॅड बदलले तेही चालले असते, त्यांचे आयुष्य तसेही संपत आले होते. पण आवाजाचे दुखणे कागदावरून कळत नाही. वैद्याने नाडी न बघता निरोपावर औषध द्यावे तसे ते होते.

त्यात लिफ्टचीही एक अडचण आहे. ती मला नंतर समजली. चासीला धरून गाडी उचलली की मागचा ॲक्सल खाली लोंबतो. शाफ्टचा रस्त्यावर असतो तो कोन तिथे नसतो, आणि चाके मोकळी फिरत असल्याने इंजिनाची ओढही नसते. रस्त्यावर ओरडणारा शाफ्टचा सांधा लिफ्टवर मुका होऊ शकतो. म्हणून ‘आम्हाला आवाज आला नाही’ असे ते म्हणाले, त्यात काही खोटे नव्हते.

मेस्त्री आमच्या साखळीकडचे. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाच्या टिपरवर हात बसलेला माणूस. २०१२मध्ये खाणी थांबल्या, मधे थोड्या चालल्या, २०१८मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हापासून पिकअप, रिक्षा, मिळेल ते करतात. डिचोली, साखळी, कुडचडे भागात असे जुने हात अजून सापडतात. ओझ्याने वाकलेल्या गाड्यांच्या शाफ्टचे आवाज त्यांच्या कानात भरलेले आहेत.

त्यांनी बोनेट उघडले नाही, खाली वाकलेही नाहीत. पहिला प्रश्न विचारला, “बाब, पावसांत आवाज येता?”

मी थांबलो. हे मला कुणी विचारलेच नव्हते. आठवून पाहिले तर मुसळधार पावसात गाडी गप्प असायची आणि दोन दिवस ऊन पडले की ओरडायची. सर्व्हिस सेंटरमधून गप्प बाहेर आली, तीही धुऊनच. कोरड्या सांध्यात पाणी गेले की ते काही काळ ग्रीसचे काम करते. वाळले की आवाज परत, आणि या वेळी आत गंज वाढवून. म्हणजे माझी गाडी पहिल्या खेपेला बरी झाली होती ती धुण्याच्या पाण्याने. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. इथे पावसाळाभर असा आवाज लपून राहिला तर नवल नाही.

दुसरा प्रश्न, रिकामी जास्त वाजते की भरलेली? मग खडूने मागच्या टायरवर रेघ मारली आणि मला गाडी माणसाच्या चालीने पुढे न्यायला सांगितली. स्वतः शेजारून चालत राहिले. चाकाच्या एका फेऱ्यात चीं एकदाच आली तर दोष चाकापाशी, ब्रेक किंवा खडा. माझ्या गाडीत एका फेऱ्यात तीन-चारदा यायची. अशा गाड्यांत शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे बोट शाफ्टकडेच गेले. पाच मिनिटांत निम्मी गाडी संशयातून सुटली, आणि हत्यार काय, तर खडू.

मग गाडी खड्ड्यावर घेतली. सेंटरमध्ये शाफ्ट हलवून पाहिला होता आणि ढिला नव्हता, हे मी सांगितले. ते म्हणाले, ढिला होण्याच्या आधी क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा, कोरडा होतो, तेव्हा हाताला काही लागत नाही. कोरड्या क्रॉसची खूण म्हणजे कपाच्या (क्रॉसच्या प्रत्येक टोकावरच्या बेअरिंगच्या टोपीच्या) कडेला बसणारी तांबूस गंजाची पूड. पण आमच्या भागात गाडीखाली सगळीकडेच लाल माती, त्यात ती लाल पूड ओळखणार कशी? त्यांनी रॉकेलच्या फडक्याने दोन्ही टोकांचे क्रॉस स्वच्छ पुसले आणि मला पाच-सहा किलोमीटर कोरड्या रस्त्यावर फिरवून आणायला सांगितले. परत आलो तर मागच्या क्रॉसच्या एकाच कपाभोवती बारीक लाल कडे उमटले होते, बाकी तीन स्वच्छ. सेंटरमध्ये आधी गाडी धुतल्यावर ही खूण राहिलीच नसणार.

काढल्यावर त्या कपातले बारीक रोलर अर्धे पिठासारखे झालेले निघाले. हा नुसता कटकटीचा आवाज नव्हे. क्रॉस तुटून शाफ्ट निखळला तर चोर्ल्याच्या घाटातल्या उतारावर काय होईल, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. क्रॉस आणि मजुरी मिळून दीड हजाराच्या आत काम झाले. त्यानंतर एक उन्हाळा गेला, गाडी गप्प आहे.

आता मेस्त्रीकडच्या ज्या गोष्टी मला खटकल्या त्याही सांगायला हव्यात. चवथीच्या गर्दीत मला तीन तास बाकड्यावर बसावे लागले. बिल म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली, हमी म्हणून त्यांचा शब्द. पार्ट कुठल्या मेकचा हे मी डबा मागून बघितले, न मागता कुणी दाखवत नाही. आणि सगळेच मेस्त्री सारखे नसतात. शाफ्ट काढण्याआधी जोडावर खूण करून तो होता तसाच बसवावा लागतो, नाहीतर चीं चीं जाते आणि थरथर सुरू होते. माझ्यासमोर त्यांनी पंचाने खूण केली म्हणून मला धीर आला. कप बसवायला काही जण नुसता हातोडा मारतात, त्यात योक (कप ज्यात बसतात तो शाफ्टचा दुबेळका) खराब होऊ शकतो. प्रेस (कप दाबून बसवायचे यंत्र) असेल तर उत्तम, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये तो सहसा असतो.

तेव्हा गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच जा, तिथे दुसरा विचार नको. डॅशबोर्डवर दिवा लागला असेल, एबीएसचा सेन्सर असेल, गिअरबॉक्स उघडायचा असेल, तरी मी तिथेच जाईन. दुखणे काय आहे हे ठरलेले असेल आणि फक्त पार्ट बदलायचा असेल, तर त्यांची शिस्त आणि हत्यारे आपल्या कामाची आहेत. पण दुखणे शोधायचेच असेल, आणि ते कानाने शोधायचे असेल, तर माझे मन मेस्त्रीकडे झुकते. तुमच्या भागात असा माणूस नसेल किंवा तुमचा अनुभव उलटा असेल, तर माझा आग्रह नाही.

मेस्त्रीने जाताना सांगितले ते मी पाळतो. गाडी खालून जोराच्या फवाऱ्याने धुतली की त्याच दिवशी क्रॉसच्या निप्पलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस मारून घेतो, जुने मळके ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत. काही क्रॉसना निप्पल नसतो, त्यांच्यावर फवारा धरायचाच नाही असे धुणाऱ्या मुलाला बजावून ठेवा. आणि घरी स्वतः वाकून बघायचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, टेकू लावा.

कुठेही गाडी नेण्याआधी मी आता फोनवर एकच विचारतो, काम करणारा माणूस माझ्याबरोबर गाडीत बसून एक फेरी मारेल का? सर्व्हिस सेंटरने हो म्हटले तर मी आनंदाने तिथे जाईन. अजून तरी हो आले ते साखळीहूनच.