ग्रुंडिग टीके १४ : अण्णांच्या आकड्यांसाठी जर्मनीहून आणलेला टेपरेकॉर्डर

अण्णांच्या स्पूलच्या खोक्यांवर निळ्या शाईत आकडे लिहिलेले आहेत. ‘००० ते ०८७ भजनी मंडळ. ०९० ते २१० बाळूची मुंज. २१४ चाचा, जवारी.’ अशी अकरा खोकी. (चाचा म्हणजे आमच्याकडचे सतारमेकर आणि जवारी हे त्यांचं सतारीवरचं काम, ते पुढे येईलच.) तारखा कुठे आहेत, कुठे नाहीत. आकडे मात्र सगळीकडे आहेत. ते मिनिटांचे नाहीत. टेपरेकॉर्डरवर तीन आकडी काउंटर असायचा, रीळ फिरेल तसा तो पुढे सरकायचा. तेच हे आकडे.

तो टेपरेकॉर्डर म्हणजे ग्रुंडिग टीके १४. आत्याचे यजमान प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले होते, त्यांनी १९६३ साली बोटीने आणला आणि दोन वर्षांनी अण्णांना दिला. आमच्या मिरजेच्या घरात तो १९८६ पर्यंत होता. मग कॅसेटचा टू-इन-वन आला, पट्टा तुटलेला ग्रुंडिग माळ्यावर गेला आणि घर रंगवताना भंगारात निघाला. मी तेव्हा बँकेत नव्याने लागले होते, घरात काय जातंय इकडे माझं लक्ष नव्हतं. स्पूल तेवढे आईने पितळेच्या डब्यात ठेवले म्हणून राहिले.

निवृत्त झाल्यावर मी त्यातले तीन स्पूल एका शहरातल्या दुकानात देऊन संगणकावर उतरवून घेतले. फाइल घरी आणून लावली तर डाव्या कानात मुंजीतला गलका आणि उजव्या कानात कुणीतरी अगम्य भाषेत, शब्द आत ओढून घेत बोलतंय. मी दचकलेच. उलगडा नंतर झाला. आमचं मशीन हाफ-ट्रॅक मोनो होतं. पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागावर एक बाजू, मग स्पूल उलटा लावायचा आणि खालच्या अर्ध्यावर दुसरी. दुकानात ती पट्टी चार ट्रॅकच्या स्टिरिओ मशीनवर वाजवली गेली. त्याचं डावं हेड (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) वरची बाजू वाचतं, उजवं खालची, म्हणजे दुसरी बाजू शेवटाकडून सुरुवातीकडे. यावर सोपा उपाय आहे: डावी बाजू वेगळी काढायची, उजवी संगणकावर उलटी करून घ्यायची. तो मी केलासुद्धा. सगळं कळण्याजोगं झालं. खरखर जास्त होती, कारण चार ट्रॅकचं अरुंद हेड पट्टीवर जेवढं रुंद ध्वनिमुद्रण आहे त्यातला निम्माच भाग वाचतं.

हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला फक्त आवाज हवा असेल तर परदेशातून मशीन आणू नका. हाफ-ट्रॅक हेड असलेलं चांगलं मशीन ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडे स्पूल द्या, काम नीट होईल आणि स्वस्तात होईल. मला अण्णांचे आकडे हवे होते. काउंटर रिळाचे फेरे मोजतो, आणि किती फेऱ्यांना एक आकडा पुढे सरकायचा हे प्रत्येक कंपनीचं, पुष्कळदा प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. ‘२१४’ला अर्थ आहे तो टीके १४ वरच.

माझी भाची एर्लांगेनला नोकरी करते. तिथून ग्रुंडिगचं गाव फ्यूर्ट अगदी शेजारी, न्यूरेंबर्गला चिकटून. कंपनीच्या जुन्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीत रेडिओचं संग्रहालय आहे, तेही ती पाहून आली होती. तिथे तिने हाइन्झेलमान पाहिला. युद्धानंतर जर्मनीत रेडिओच्या विक्रीवर निर्बंध होते, तेव्हा १९४६ मध्ये माक्स ग्रुंडिग यांनी व्हॉल्व (रेडिओतल्या काचेच्या नळ्या) न घालता सुट्या भागांचा रेडिओ-संच विकायला काढला. रेडिओ म्हणून नाही, घरी जोडायचा संच म्हणून. कंपनी त्यावर उभी राहिली. भाचीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला अण्णांचं मशीन एकदम जास्त आपलं वाटलं. आमच्याकडेही वस्तू अशाच, मिळेल त्या वाटेने यायच्या.

जर्मनीत जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत टीके १४ पुष्कळ दिसतो. दुर्मिळ नाही, म्हणून महाग नाही. दोन शब्द मात्र ओळखायला शिका. ‘डाखबोडेनफुंड’ म्हणजे माळ्यावर सापडलेला. विकणाऱ्याने लावून पाहिलेला नसतो. ‘फ्यूर बास्टलर’ म्हणजे खटपट करणाऱ्यांसाठी, थोडक्यात बंद. खासगी विक्रेता परत घेत नाही, आणि तसं तो जाहिरातीतच लिहितो. आमचा एका आजींकडचा होता, डाखबोडेनफुंड, ४० युरो. भाची गाडीने जाऊन घेऊन आली. आजींनी चार रिकामी रिळं, छापील माहितीपुस्तिका आणि यजमानांनी वापरलेला मायक्रोफोन वरून दिला. मशीन कुठे चाललंय हे कळल्यावर त्यांनी झाकण पुसून दिलं म्हणे.

पोस्टाने किंवा कुरिअरने मागवायचं मी टाळलं. एक तर जुनं इलेक्ट्रॉनिक सामान आयात करायचे नियम किचकट आहेत, ते आधी नीट विचारून घ्या. दुसरं म्हणजे आतला फ्लायव्हील, वेग स्थिर ठेवणारं चाक, जड असतो आणि खोकं आपटलं की दांडी वाकते. भाची दिवाळीला येणार होती. “मावशी, नऊ किलोचं आहे गं हे, माझे कपडे कुठे घालू?” असं म्हणत तिने ते दोन रजयांत गुंडाळून बॅगेत घातलं. मुंबईला बॅग उघडून दाखवावी लागली. अधिकाऱ्यांनी रिळं हातात घेऊन पाहिली आणि जाऊ दिलं.

जपान किंवा अमेरिकेपेक्षा जर्मनीचं मशीन आपल्याला सोयीचं का, तेही सांगते. तिकडची वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. टीके १४ ला व्होल्टेज बदलायची सोय आहे. आपल्याकडे दाब चढा असतो म्हणून २४० वर ठेवायचं. अमेरिकेतलं मशीन आणलं तर ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळवता येतात, हर्ट्झ जुळत नाहीत. अशा मशीनच्या मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. ६० वर चालणारी मोटर ५० वर चालवली की सहाचे पाच होतात, म्हणजे तार षड्ज घसरून पार शुद्ध धैवताजवळ येतो. गाणं ऐकणाऱ्याला हे सहन होणार नाही.

मशीन घरी आलं त्या दिवशी मी ते लावलं नाही, फक्त उघडलं. झाकण वर केल्याबरोबर जो वास आला तो आमच्या मधल्या खोलीचा होता. बेकलाइट, धूळ आणि मशीनचं तेल. मूठ, बटणांची ओळ, दोन चकत्यांच्या मधली हेडची फट. मी रिकामी पट्टी ओढून त्या फटीतून घातली, उजव्या रिळाच्या खाचेत टोक अडकवलं आणि बोटाने दोन फेरे दिले. चाळीस वर्षांनंतर हात अडला नाही. मी तशीच बराच वेळ बसले होते.

कोल्हापुरात एक रेडिओ मिस्त्री आहेत, सत्तरी ओलांडलेले, व्हॉल्वचं काम अजून करतात. मशीन पाहताच म्हणाले, “ताई, ह्याला डायरेक्ट करंट द्यायचा न्हाई. साठ वर्षं निजलंय ते.” त्यांनी आधी खराब झालेले कंडेन्सर बदलले, मग सिरीजमध्ये शंभरचा बल्ब लावून मशीन जागं केलं. ही गोष्ट कुणीही विसरू नये. जुने कंडेन्सर आतून गळत असतात, एकदम पूर्ण वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो गेला की मशीनच गेलं. रबरी पट्ट्यांचा संच जर्मनीत अजून नवा मिळतो, भाचीने २२ युरोंना आणलाच होता. जुना पट्टा डांबरासारखा पुलीला चिकटला होता, तो स्पिरिटने पुसून काढायला एक दुपार गेली. हेडवर पट्टी दाबून धरणारं फेल्ट झिजलं होतं. ते आमच्या मिरजेत मिळालं, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे, आणि त्याने पैसे घेतले नाहीत. मिस्त्रींचे साडेपाच हजार, जर्मन सॉकेटला जोडायची वायर साडेसहाशे. सगळं मिळून बारा हजारांच्या आसपास गेले.

मिस्त्रींकडून मी आणखी एक काम करून घेतलं: रेकॉर्डिंगचं बटण आतून तोडून टाकलं. चुकून ते दाबलं गेलं तर पट्टी पुसली जाते, आणि आपल्याकडे दुसरी प्रत नसते.

आवाज कसा आहे? आजच्या कानाला कोंडलेला वाटेल. वेग एकच, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. उंच स्वरांतले बारीक आवाज त्यात पुरते मावत नाहीत, झांजेची धार बोथट होते. पण माणसाचा आवाज, तंबोरा, तबल्याचा डग्गा यांना त्या व्हॉल्वमध्ये आणि त्या लाकडी-प्लॅस्टिकच्या पेटीत जागा मिळते. तंबोरा भरून येतो, दुसरा शब्द मला सुचत नाही. मॅजिक आय, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणारी नळी, मंद आहे. त्या हिरव्या पट्ट्या संध्याकाळी दिवा मालवल्यावरच दिसतात. ती नळी वापराने झिजते, उजळ करता येत नाही, नवी घालावी लागते. मी घातली नाही, मला तेवढं पुरतं. सुरुवातीला गुणगुण होती, ती दोन दिवस चालवल्यावर कमी झाली, पूर्ण गेली नाही. १५ सेंटिमीटरपेक्षा मोठं रीळ यावर बसत नाही, तुमच्याकडे मोठे स्पूल असतील तर हे मॉडेल घेऊच नका.

स्पूल लावायच्या आधी प्रत्येक डबी हुंगून पाहिली. जुन्या अ‍ॅसिटेटच्या पट्टीला कुजताना व्हिनेगरचा वास येतो. ओळखायची खूण म्हणजे रीळ उजेडासमोर धरलं की अ‍ॅसिटेटचं आरपार उजळतं, पॉलिस्टरचं काळं दिसतं. अकरापैकी दोनांना वास आला, ते वेगळे बांधून ठेवलेत, त्यांना मी हात लावणार नाही, जाणत्याकडेच देईन. एका ठिकाणी अण्णांनी तुटलेली पट्टी साध्या चिकटपट्टीने जोडली होती. तिचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागला होता. तो जोड काढून स्प्लायसिंग टेपने पुन्हा केला. जुनी पट्टी भरकन पुढे-मागे करायची नसते, म्हणून ‘२१४’ गाठायला मला सुरुवातीपासून वाजवत जावं लागलं.

काउंटर शून्यावर आणला आणि बटण दाबलं. भजनी मंडळ ८६ ला संपलं. मुंज ९१ ला सुरू झाली, त्यात आईचा आवाज लांबून, कुणाला तरी ताट वाढायला सांगताना. २१० नंतर पट्टी कोरी. मी काउंटरकडे बघत होते. २१४ गेला, काही नाही. २१६ ला अण्णा खाकरले आणि म्हणाले, “चाचा, चालू आहे, करा.” मग तार वाजली, बंद, बोथट. कानशीचे चार फटके. पुन्हा तार. पुन्हा कानस.

ज्यांना जवारी माहीत नाही त्यांच्यासाठी: सतारीच्या घोडीचा हाडाचा माथा इतक्या हलक्या उताराने घासतात की तार त्याला किंचित टेकत टेकत थरथरते, आणि स्वरात तो झंकार उमटतो. मोजमाप नसतं, कान आणि कानस. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दीडशेहून अधिक वर्षं हे काम चाललंय, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पट्टीवर ते चौदा मिनिटं ऐकू येतं. नवव्या मिनिटाला एका फटक्यानंतर तार उघडते, आणि अण्णा नकळत ‘हां’ म्हणतात. संगणकावरच्या फाइलमध्येही हे होतंच की. पण तिथे मी ते शोधलं नव्हतं, कारण अण्णांनी सांगितलेल्या जागी मला जाताच येत नव्हतं.

दोन आकड्यांचा फरक मिस्त्रींच्या मते काउंटरच्या बारीक पट्ट्यामुळे असावा.

चाचांचा नातू आता त्यांच्याच दुकानात बसतो. त्याने आजोबांना काम करताना पाहिलेलं नाही, ते त्याच्या जन्माआधी गेले. मागच्या रविवारी त्याला बोलावलं. पहिल्यांदा तो आजोबांचं बोलणं ऐकत होता. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त कानस ऐकली. तिसऱ्यांदा म्हणाला, “मावशी, परत मागे घ्या. ते दोन फटके एका बाजूला घेतायत. आम्ही असं घेत नाही.” चौथ्यांदा त्याने मांडीवर बोटाने फटके मोजले.

या रविवारी तो घोडी आणि कानस घेऊन येणार आहे. तोवर काउंटरचा पट्टा बदलून घ्यायचाय.