पर्वतीच्या १०३ पायऱ्या: सात महिने वापरून झाल्यावर

मी एमपीएससी करते. म्हणजे पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, दिवसभर अभ्यासिकेत बसते आणि मेसच्या भाजीला नावं ठेवते. वय २५. गेल्या दिवाळीच्या सुमारास बसल्या जागी छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घशाला कोरड, आणि आता आपलं काहीतरी होणार ही खात्री. ईसीजी नॉर्मल आला, हिमोग्लोबिन मात्र ९.८. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमिक निघाल्या, हे आमच्या नोट्समध्ये आहे. स्वतःचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तो एका मार्काचा प्रश्न होता. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी धडधड होते, तेव्हा तपासण्या आधी करा. मला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, रोज अर्धा तास धाप लागेल असं चाल.

आधी एका झुंबा क्लासला गेले. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांदेखत माझं वजन मोठ्याने वाचलं. तीन महिन्यांची फी बुडाली. पर्वतीची टेकडी चढणं फुकट आहे, म्हणून तिकडे वळले.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. निम्म्यावर पोचले की हृदय अभ्यासिकेत धडधडायचं तस्संच धडधडायचं, आणि घाबरून मी खाली बसायची. एकदा काठी टेकत रोज चढणाऱ्या एक आजी थांबल्या. "काय होतंय गं?" म्हटलं, छातीत धडधडतंय. "अगं मग चढ चढल्यावर धडधडणार नाही तर काय! पाणी पी आणि ऊठ." आणि गेल्या निघून.

माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. भीतीत आणि चढावर शरीर जवळपास तेच करतं: ठोके वाढतात, श्वास वाढतो, घाम येतो. रोज तीन फेऱ्यांत तीन वेळा ठोके वाढले आणि तीन वेळा आपोआप खाली आले की मेंदूला हळूहळू पटतं, ही धडधड म्हणजे संकट नव्हे. धडधडीचीच भीती वाटणं हा पॅनिकचा, म्हणजे अशा अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा, मोठा भाग असतो, आणि एरोबिक म्हणजे धाप लागणाऱ्या व्यायामाने ती भीती कमी होते असं अभ्यासांत दिसलंय. मला हे साधारण सहाव्या आठवड्यात जाणवलं. अभ्यासिकेत पुन्हा तसं झालं, मी पेन खाली ठेवलं, मनात म्हटलं 'साठावी पायरी', आणि पाचेक मिनिटांत ओसरलं.

मूडचं वेगळं. तो त्याच दिवशी सुधारतो, पण माझ्या बाबतीत दुपारच्या जेवणापर्यंतच टिकतो. त्याचं श्रेय सगळे एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदना कमी करणाऱ्या रसायनाला देतात. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, त्यामुळे संशोधक आता शरीरातच तयार होणाऱ्या, गांजातल्या घटकांसारखं काम करणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइडकडे बोट दाखवतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये नैराश्य असलेल्या १५६ जणांवर प्रयोग झाला: काहींना व्यायाम, काहींना गोळी, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते, गोळीचा गुण मात्र लवकर आला. पण ते सगळे पन्नाशी गाठलेले होते. तेव्हा हे वाचून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नका. माझी रूममेट गोळी घेऊनच माझ्यासोबत येते.

वेग किती? बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटं सांगते. खोलीपासून चालत जाऊन, तीन फेऱ्या मारून परत यायचं आणि हे पाच दिवस, एवढ्यात माझं भागतं.

तक्रारी आहेतच. पाळीच्या आधीचे दोन दिवस काही म्हणजे काही उपयोग होत नाही. साधी ब्रा घालून पायऱ्या उतरणं त्रासाचं आहे, स्पोर्ट्‌स ब्रा पहिल्याच दिवशी घ्या. पहाटे अंधारात एकटीने जायला नको वाटतं, म्हणून आम्ही तिघी जातो. रविवारी गर्दी. आणि पूर्वपरीक्षेच्या वेळी बारा दिवस खाडा झाला तर चिडचिड आणि अर्धवट झोप दोन्ही परत आली. साठवून ठेवता येत नाही हे. शिवाय पानिपतानंतर खचलेले नानासाहेब पेशवे १७६१ मध्ये पर्वतीवरच वारले, म्हणजे टेकडी सगळ्यांनाच मानवते असंही नाही.

आता पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्यात, म्हणून सध्या बिल्डिंगचा जिना. तीन मजले, दहा वेळा. दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?"