सांताक्रूझच्या समुद्रकाठचा मोसमी पास : सात महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला राहतो. एप्रिलमध्ये सांताक्रूझ बीच बोर्डवॉक या समुद्रकाठच्या मनोरंजन उद्यानाचे तीन मोसमी पास घेतले आणि ऑक्टोबर संपेपर्यंत एकूण १९ वेळा तिथे जाऊन आलो. आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर खार आणि पार्ले यांच्या मधले सांताक्रूझ उभे राहिले आणि तिथे राइड कधी सुरू झाल्या, असे तिने विचारले. मे महिन्यात ती दापोलीहून आमच्याकडे आली आणि पुढच्या बहुतेक फेऱ्यांना सोबत होती. त्यामुळे हा अनुभव चाळिशीतले आम्ही दोघे, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतली आई अशा चौघांचा आहे.

एखाद्या उद्यानात एकदाच गेलेल्या माणसाने राइडबद्दल दिलेले मत आणि तीच राइड विसाव्यांदा घेणाऱ्याचे मत यांत फार अंतर पडते, हे मला या सात महिन्यांत कळले. पहिल्या दिवशी ज्या राइडसमोर आम्ही सर्वांत जास्त वेळ रांगेत उभे राहिलो, त्यांतल्या काहींकडे जुलैनंतर कोणी वळलेही नाही. जिला मी ‘लहान मुलांची’ म्हणून बाजूला ठेवले होते, त्या राइडवर मात्र आम्ही प्रत्येक फेरीत जात होतो.

‘जायंट डिपर’ या लाकडी रोलर कोस्टरबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. तो १७ मे १९२४ रोजी सुरू झाला. त्याच जागेवर १९०८ मध्ये बांधलेली ‘सीनिक रेल्वे’ ही जुनी राइड होती. ती पाडून आर्थर लूफ यांनी अवघ्या ४७ दिवसांत, ५० हजार डॉलर खर्चून हा सांगाडा उभा केला आणि तेव्हा एका फेरीचे तिकीट १५ सेंट होते. उंची ७० फूट, रुळाची लांबी अर्धा मैल, वेग ताशी सुमारे ५५ मैल आणि सारी फेरी दोन मिनिटांच्या आत संपते. आजच्या पोलादी कोस्टरशी तुलना केली तर हे आकडे किरकोळ वाटतात, आणि मीही पास घेताना तसेच समजून चाललो होतो.

फलाटावरून सुटलेली गाडी थेट काळोख्या बोगद्यात शिरते, वळणे घेत खाली उतरते आणि बाहेर पडते ती साखळीच्या चढणीपाशी. चढताना जी खटखट ऐकू येते, ती गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्ट्यांची असते. मुलाला हे समजावून सांगितल्यावर त्याची भीती निम्मी झाली, कारण तोवर त्याला तो काहीतरी मोडत असल्याचा आवाज वाटत होता. माथ्यावर क्षणभर माँटेरी उपसागराचा सारा पट्टा दिसतो आणि लगेच पहिला उतार येतो.

खरी गंमत बसण्याच्या जागेत आहे. पुढच्या डब्यात बसलात, तर गाडी माथ्यावरून जवळजवळ लटकल्यासारखी सावकाश ओलांडते, कारण मागचे डबे अजून चढणीवर असतात, आणि तेवढ्या वेळात समुद्र दिसतो. शेवटच्या डब्यात बसलात, तर समुद्र वगैरे काही दिसत नाही. पुढचे डबे एव्हाना खाली झेपावलेले असतात आणि ते तुम्हाला माथ्यावरून अक्षरशः ओढून नेतात, त्यामुळे माणूस आसनावरून उचलला जातो. एकाच गाडीत या दोन वेगळ्या राइड आहेत. शिवाय सकाळची फेरी आणि रात्रीची फेरी यांतही फरक पडतो. दिवसभर धावून चाकांच्या बेअरिंगमधले वंगण तापून पातळ झाले, की गाडी अधिक मोकळी पळते. जून महिन्यात सकाळी अकरा वाजता, धुक्यात घेतलेली फेरी आम्हाला सुस्त वाटली होती. त्याच दिवशी रात्री दिवे लागल्यावर घेतलेल्या फेरीत माझी टोपी काखेत दाबून धरावी लागली. पासधारकांना माझा सल्ला इतकाच, की पहिली फेरी पुढे बसून सकाळी घ्यावी आणि शेवटची फेरी मागे बसून रात्री घ्यावी.

लाकडी कोस्टर हादरतो, डुलतो, कुरकुरतो. ज्यांना पाठीचे दुखणे आहे, त्यांनी तो टाळलेलाच बरा. मात्र तो डुलतो म्हणजे कमकुवत आहे, असा समज करून घेऊ नये. लाकडाने थोडे वाकावे अशीच ही रचना असते. अजिबात न हलणारा सांगाडा वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी लवकर तडकेल. १९८९च्या ऑक्टोबरमध्ये सांताक्रूझजवळच्या डोंगरांत केंद्र असलेल्या लोमा प्रिएटा भूकंपाने सांताक्रूझ शहराच्या मध्यवस्तीची मोठी पडझड केली, पण जायंट डिपर उभा राहिला. आजवर सहा कोटींहून अधिक लोकांनी त्यावर फेरी मारली आहे आणि १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

या राइडसाठी किमान उंची ५० इंच लागते. एप्रिलमध्ये मुलगा त्या खुणेच्या बोटभर खाली होता. पट्टीपाशी टाचा उचलून उभे राहण्याचे त्याचे सगळे प्रयोग फसले आणि दर वेळी आम्हा दोघांपैकी एकाला त्याच्याबरोबर खाली थांबावे लागले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो खुणेच्या वर गेला. मुलांसाठी पास घेणाऱ्यांनी घरीच, बूट न घालता उंची मोजावी आणि त्या मोसमात मूल कोणत्या राइडवर बसू शकेल हे आधी पाहून मग हिशेब करावा. आमचा हिशेब चौथ्या भेटीत जुळला, पण मुलाच्या पासाची निम्मी किंमत खऱ्या अर्थाने ऑगस्टनंतरच वसूल झाली.

त्या चार महिन्यांत तो आणि आई ज्या राइडवर सर्वाधिक वेळ होते, ते म्हणजे १९११ सालचे घोड्यांचे चक्र. ते आर्थर लूफ यांचे वडील चार्ल्स लूफ यांनी घडवले आहे. चार्ल्स लूफ युरोपातून स्थलांतरित म्हणून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचे पहिले चक्र १८७६ मध्ये त्यांनीच कोरले. इथे हाताने कोरलेले ७३ घोडे आहेत. बारकाईने पाहिले तर प्रत्येक घोड्याची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त नक्षीदार आढळते. अमेरिकेतली चक्रे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला उजवी बाजू दिसते आणि कारागीर साहजिकच तिथे हात राखून ठेवत नाही. हे माझ्या नव्हे, आईच्या लक्षात आले. देवाच्या पालखीलाही लोकांना दिसणारी बाजू आधी सजवतात, असे ती म्हणाली.

या चक्राचे वैशिष्ट्य म्हणजे कड्या. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसलेल्याने फिरता फिरता यंत्रातून पुढे येणारी लोखंडी कडी उजव्या हाताने ओढून घ्यायची आणि पुढच्या वळणावर भिंतीवरच्या विदूषकाच्या तोंडात फेकायची. नेम लागला की दिवे लागतात आणि घंटा वाजते. अशी कड्यांची सोय चालू स्थितीत असलेली चक्रे आता जगात फारच थोडी उरली आहेत. मुलाने जूनमध्ये पहिली कडी आत घातली, आईने सप्टेंबरमध्ये. शेजारी १८९४ साली बनवलेला ३४२ नळ्यांचा जर्मन ऑर्गन वाजत असतो आणि त्याचा आवाज इतका दणदणीत आहे, की बोलायचे असेल तर बाहेर यावे लागते. आईला तो बँडबाजापेक्षा बरा वाटला. ही तिच्या लेखी स्तुतीच होती.

नव्या राइडमध्ये मला टिकाऊ वाटली ती २०१३ मध्ये आलेली ‘अंडरटो’. हिच्या रुळावर धावणाऱ्या डब्या स्वतःभोवतीही फिरतात आणि किती फिरायचे, हे डबीत वजन कसे विभागले आहे यावर ठरते. आम्ही दोघे एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला असे बसलो, की ती भोवऱ्यासारखी फिरे; वजन समसमान असले की मुकाट धावे. त्यामुळे कोण कुठे बसणार यावर रांगेतच खल चाले. याउलट ‘डबल शॉट’ हा १२५ फुटी मनोरा पहिल्या वेळी जबरदस्त वाटतो, दुसऱ्या वेळी बरा वाटतो आणि तिसऱ्या वेळेपासून आपण केवळ वर गेल्यावर क्षणभर दिसणाऱ्या समुद्रासाठी बसतो. गरगर फिरवणाऱ्या आणि उलटे टांगणाऱ्या इतर राइड अमेरिकेतल्या कुठल्याही जत्रेत मिळतात. त्यांच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

‘लॉगर्स रिव्हेंज’ ही ओंडक्याच्या आकाराच्या होडीतून पाण्यात आदळणारी राइड १९७७ पासून आहे. ती चांगली आहे, पण केव्हा घ्यायची हे महत्त्वाचे. या किनाऱ्याला समुद्रतळाचे थंड पाणी वर येत असल्यामुळे हवा गार राहते आणि मे-जूनमध्ये दुपारपर्यंत दाट मळभ असते. उन्हाळा म्हणून आम्ही अर्ध्या बाहीच्या शर्टात गेलो होतो. “समुद्रावर येऊन स्वेटर घालायचा?” हा आईचा प्रश्न दापोलीच्या माणसाला शोभणाराच होता; पण तिने तो घातला, आणि वर माझी शालही घेतली. इथले खरे उबदार, स्वच्छ दिवस सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये येतात. भिजण्याच्या राइड तेव्हासाठी राखून ठेवाव्यात.

वयस्कर मंडळींसाठी १९६७ पासून चालणारा ‘स्काय ग्लायडर’ उत्तम. उघड्या दोन माणसी आसनातून उद्यानाच्या डोक्यावरून सावकाश जायचे; एका हाताला वाळू आणि लाटा, पायांखाली किंचाळणारी माणसे. १९६१ची ‘केव्ह ट्रेन’ हा तर भाबडा प्रकार आहे. जमिनीखालच्या बोगद्यातून छोटी गाडी जाते आणि जांभळ्या प्रकाशात चमकणारे आदिमानव काहीबाही उद्योग करताना दिसतात. पत्नीच्या मते ही राइड केव्हाच काढून टाकायला हवी होती. मुलगा आणि आई यांनी ती बहुधा बारा वेळा घेतली. मी मत देत नाही.

या उद्यानाची मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दाराशी सरसकट तिकीट घेणाऱ्या उद्यानांत घरातल्या म्हाताऱ्या माणसाचेही पूर्ण पैसे भरायचे आणि मग त्यांनी दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळत बसायचे, असे होते. इथे आईसाठी पास घेतलाच नाही. जी राइड तिला हवी, तिचे तेवढे पैसे दिले. बाकी वेळ ती वाळूवर किंवा जवळच्या लाकडी धक्क्यावर बसून पाण्यातले सी-लायन पाहत असे. १८८५ मध्ये हवाईच्या तीन राजपुत्रांनी रेडवुडच्या फळ्यांवर लाटा झेलल्या, ते सॅन लॉरेन्झो नदीचे मुखही उद्यानाला लागूनच आहे. तिथे आजही फळ्या घेऊन मुले उतरतात आणि त्यांना पाहायला काहीच पडत नाही.

जुलैमध्ये आठवडाभर दक्षिणेकडे गेलो होतो, तेव्हा तुलनेसाठी आणखी दोन समुद्रकाठची उद्याने पाहिली. तिथेही प्रवेश मोफत आहे. सॅन डिएगोच्या बेलमाँट पार्कमध्ये १९२५ सालचा दुसरा ‘जायंट डिपर’ आहे. तो १९७६ मध्ये बंद पडला होता, गावकऱ्यांनी तो पाडू दिला नाही आणि १९९० मध्ये तो पुन्हा सुरू झाला. राइड म्हणून तो सांताक्रूझच्या भावंडासारखाच आहे. सांता मोनिकाच्या धक्क्यावरचे पॅसिफिक पार्क १९९६चे. तिथला सौरऊर्जेवर चालणारा आकाशपाळणा संध्याकाळी फार देखणा दिसतो, पण त्यापलीकडे तिथे दुसऱ्यांदा जावेसे वाटले नाही. त्याच धक्क्याच्या तोंडाशी चार्ल्स लूफ यांनी १९१६ मध्ये बांधलेली चक्राची इमारत मात्र अवश्य पाहावी.

आता काही व्यावहारिक गोष्टी. सॅन होजेहून अंतर सुमारे ३० मैल असले, तरी डोंगरातून जाणारा १७ क्रमांकाचा वळणावळणाचा महामार्ग सुट्टीच्या दिवशी सकाळी दहानंतर तुंबतो. आम्ही नवाच्या आत घर सोडत असू आणि परतताना रात्री आठनंतर निघत असू. गाडी लावण्याचे पैसे हिशेबात धरावेत. एकदा गाडी डोंगरातल्या फेल्टन या गावी ठेवून रेडवुडच्या जंगलातून येणाऱ्या जुन्या आगगाडीने थेट बोर्डवॉकला उतरलो. ती स्वस्त नाही, पण पाहुणे आले असतील तर एकदा अवश्य करावी. वसंतात आणि शरदात बहुतेक राइड केवळ शनिवार-रविवारी चालतात, त्यामुळे मधल्या वारी रजा काढून जाण्याआधी वेळापत्रक पाहावे. खाण्यासाठी घरून पोळीचे रोल नेऊन वाळूवर खाणे आम्हाला सर्वांत सोयीचे पडले, मात्र इथले सीगल आपल्याकडच्या कावळ्यांपेक्षा धीट असतात, डबा उघडा ठेवू नये.

शेवटची फेरी ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी झाली. आई परत गेली होती, गर्दी नव्हती, आणि मुलाने जायंट डिपरच्या शेवटच्या डब्यातून ओळीने पाच फेऱ्या मारल्या. त्यांतल्या तिसऱ्या फेरीनंतर मी बाहेर पडून बाकावर बसलो. पुढच्या वर्षी मुलाचा आणि पत्नीचा असे दोनच पास घ्यायचे ठरवले आहे. माझे आता आईसारखेच, लागेल तेवढ्याचे पैसे देऊन चालेल.