टोयो आर८८८आर: लाइनवर कामाचा, बाकी वेळ डिकीत

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, लाइनवर उभी केली, की पहिले वीस मीटर पळणं कमी आणि टायरचं किंचाळणंच जास्त. तरी बहुतेकांचा पहिला खर्च रीमॅपवर, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवण्यावर, होतो. फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय मॅन्युअलचा कंपनीचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्कच (फिरवणारा जोर) पहिल्या गिअरमध्ये साध्या टायरला पेलत नाही. त्यावर आणखी टॉर्क ओतला तर धूरच वाढणार. म्हणून हा रिव्ह्यू टायरचा आहे: टोयो प्रॉक्सेस आर८८८आर. रस्त्यावर चालायला परवानगी असलेला पण मुळात ट्रॅकसाठी बनवलेला सेमी-स्लिक (थोड्याच खाचांचा, जवळपास गुळगुळीत टायर), ट्रेडवेअर १०० (हा आकडा जितका कमी तितका टायर लवकर झिजतो).

आधी हिशेब. गाडी ११०० किलो, पुढच्या एक्सलवर ६२ टक्के म्हणजे ६८२ किलो, व्हीलबेस २.४७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ५२ सेंटिमीटर, असं धरू. गाडी सुटली की वजन मागे सरकतं, म्हणजे ओढणारी चाकं नेमक्या गरजेच्या वेळी हलकी होतात. साध्या टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.९ धरली तर वेग वाढण्याची मर्यादा ०.४७ जीवर (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) येते, आणि तेव्हा पुढून जवळपास ११० किलो मागे गेलेले असतात. पकड १.१ झाली की हीच मर्यादा ०.५५ जी. कागदावर पहिल्या साठ फुटांत, म्हणजे १८.३ मीटरमध्ये, सुमारे दोन दशांश सेकंद वाचतात. प्रत्यक्षात थोडे कमी, कारण शेवटच्या काही मीटरना इंजिनची ताकदच अपुरी पडते. पण एवढ्या खर्चात दुसरा कुठलाच पार्ट इतका वेळ काढून देत नाही.

साइज निवडताना घाई नको. पोलोच्या वरच्या व्हेरियंटचा १९५/५५ आर१६ सुमारे ६२१ मिलिमीटर उंच, तर आर८८८आरचा २०५/५० आर१५ सुमारे ५८६ मिलिमीटर. चाक साडेपाच टक्क्यांनी लहान झालं की गिअरिंग तेवढंच आखूड होतं. जोर वाढतो, पण गिअरही लवकर संपतो आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ९४-९५ वर असते. खालच्या व्हेरियंटला १५ इंची रिमच येत असे, त्यामुळे ब्रेकची अडचण नाही. रिम साडेसहा इंच रुंद घ्यावी. फिरण्याच्या दिशेचा बाण बघूनच टायर चढवायचा, उलटा बसवलेला सर्रास दिसतो.

खरा खेळ हवेचा. पुढे २० ते २२ पीएसआयपासून सुरुवात करा आणि एकेका पीएसआयने बदला. मागे ४० पर्यंत चालते, कारण मागच्या चाकांनी फक्त गुपचूप घरंगळायचं असतं. पुढची हवा १८ च्या खाली नेली तर साइडवॉल लोळते, स्टिअरिंग वळवळतं आणि टायर रिमवर सरकण्याची भीती असते. टायरवर खडूची रेघ मारून थोडं पुढे जाऊन पाहा: मधलीच पुसली तर हवा जास्त, कडांचीच पुसली तर कमी.

मराठवाड्यातल्या उन्हाने मात्र हा आकडा स्थिर राहत नाही. सकाळी २५ अंशांना भरलेली २० पीएसआय हवा दुपारी ४२ अंशांना आपोआप २२ होते. त्यातही उन्हाच्या बाजूचा टायर सावलीतल्या टायरपेक्षा तापतो, दोन्हींत एक-दीड पीएसआयचा फरक पडतो आणि सुटताना गाडी एका अंगाला ओढते. लोक त्याला अलाइनमेंटचा दोष समजतात. रांगेत थांबताना पुढच्या दोन्ही चाकांवर ओलं गोणपाट टाकायचं, लाइनवर जाण्याआधी ते काढून चाकं कोरडी पुसायची आणि हवा स्वतःच्या गेजने मोजायची. पेट्रोल पंपावरच्या गेजचा इथे काही उपयोग नाही.

दुसरा शत्रू काळ्या मातीची धूळ. आर८८८आरचं रबर तापलं की चिकट होतं आणि शेताकडच्या मातीची पूड, बारीक खडी असं सगळं उचलतं. अशा थराने नवा टायरसुद्धा जुन्यासारखा घसरतो. उपाय म्हणजे कोरडा बर्नआउट, म्हणजे गाडी जागेवर ठेवून पुढची चाकं फिरवणं: हँडब्रेक ओढलेला, दुसरा गिअर, स्टिअरिंग सरळ, दोन-तीन सेकंद, बस. पाण्याच्या डबक्यात जाऊ नये. खाचांत अडकलेलं पाणी नेमकं लाइनवर गळतं.

टायरला पकड आली की पुढची दुखणी उघडी पडतात. चाक जमिनीला धरतं-सोडतं, गाडी थडथड हादरते, हा व्हील हॉप. कारण मऊ रबर: खालचा टॉर्क माउंट (इंजिनला डोलू न देणारा आधार) आणि कंट्रोल आर्मचे (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) बुश पिळले जातात आणि सुटतात. असंच चालू ठेवलं तर ड्राइव्हशाफ्ट किंवा डिफरन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटणारा भाग) जातं. माउंटच्या पोकळीत बसणारा ७० ते ८० शोअर कडकपणाचा पॉलीयुरेथेन इन्सर्ट टायरसोबतच घ्यावा. ९० च्या पुढचा घेतला तर एसी लावून सिग्नलला उभं राहणं नकोसं होईल. माउंटचे बोल्ट काढले की नवेच टाकायचे, ते एकदाच ताणण्यासाठी असतात.

अलाइनमेंटला पुढे एकूण १ ते २ मिलिमीटर टो-आउट (चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर) ठेवावा, कारण जोर लागला की ओढणारी चाकं स्वतःहून आत वळतात. गाडी पुढून फार खाली घेऊ नये, निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) वाढून टायर आतल्या कडेवर उभा राहतो. मागे कडक स्प्रिंग टाकली की वजन मागे जात नाही, ही समजूत साफ चुकीची. किती वजन सरकेल ते गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस ठरवतात. कडक स्प्रिंगने फक्त गाडीचं बूड बसणं कमी होतं. स्टेपनी, जॅक आणि डिकीतला पसारा मात्र काढाच.

हेलिकल एलएसडीचं, म्हणजे एकाच चाकाला फुकट फिरू न देणाऱ्या डिफरन्शियलचं, काय? चांगली वस्तू आहे, पण एक चाक पुरतं सुटलं तर तीही हतबल होते आणि बसवायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टायर आणि माउंट झाल्यावरही एकच चाक फिरत असेल तेव्हा बघू.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून सुटायचं. साध्या टायरवर २२०० आरपीएमला सुटणारी गाडी या टायरवर ३००० मागते, नाहीतर टर्बो जागा होण्याआधीच इंजिन दबतं. क्लच एकदम सोडू नका, सेकंदभर घसरू द्या. जळका वास आला तर पुढची धाव अर्ध्या तासाने.

हे सगळं समृद्धी महामार्गावर करून पाहायचं नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या द व्हॅली रनसारख्या आयोजित स्पर्धेतच उतरावं. संभाजीनगरहून तिथवरचं तीनशेहून जास्त किलोमीटर अंतर मात्र साध्या टायरवर काटायचं, आर८८८आर रिमसकट डिकीत ठेवून. पावसात पुढे सेमी-स्लिक आणि मागे साधे ही जोडी धोक्याची आहे, आणि रोजच्या वापरात हा टायर पाहता पाहता झिजतो.

विकत घेताना साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. पत्र्याच्या गोदामात दोन-तीन उन्हाळे काढलेला असा टायर खाचा शाबूत असूनही आतून कडक झालेला असतो. नख रोवून पाहा. रबर दबत नसेल तर सवलत कितीही असो, तो टायर तिथेच ठेवा.