एच-टू-एस बाटली: विहिरीला चालते, गोदेला अपुरी, खाडीला नको

ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि जलसुरक्षकाच्या पिशवीत असणारी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची ही छोटी बाटली आता नाशिकमध्ये सोसायट्यांच्या टाक्यांपासून रामकुंडापर्यंत कुठेही वापरली जाते. आत तपकिरी लेप सुकवलेला कागद किंवा भुकटी असते आणि बाहेर बहुधा २० मिलीची खूण. पाणी भरायचं, उबेत ठेवायचं आणि काळं पडलं तर मैला मिसळल्याचा संशय धरायचा. किंमत प्रयोगशाळेच्या शुल्कापुढे किरकोळ आहे आणि वीज, सूक्ष्मदर्शक काहीही लागत नाही. गावपातळीवर पाण्यावर नजर ठेवायला इतकं सोपं साधन दुसरं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण कोणत्या पाण्याला ती लावायची हे कळलं नाही, तर हीच बाटली दिशाभूल करते.

ही चाचणी मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली. लेपात पेप्टोन, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. आतड्यातले काही जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो लोहाशी मिळतो आणि काळा आयर्न सल्फाइड बनतो. ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं तो ई. कोलाय मात्र सहसा हा वायू सोडत नाही. म्हणजे बाटली ई. कोलाय मोजत नाही, विष्ठेतून त्याच्यासोबत येणाऱ्या इतर जिवाणूंची चाहूल देते. विक्रेते ‘ई. कोलाय किट’ म्हणून हीच बाटली पुढे करतात तेव्हा हे लक्षात ठेवा.

विहीर, हातपंप, नळ आणि टाकी यांना आमची पूर्ण पसंती. नळ असेल तर जाळी काढा, तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकण हातातच धरा, तोंड खाली. बाटली विसळायची नाही, कारण विसळली की लेप वाहून जातो आणि मग घाणेरडं पाणीही स्वच्छ ठरतं. ही चूक सर्रास होते. खुणेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, हलवा, तारीख-वेळ-ठिकाण लिहा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर थायोसल्फेट ते मारून टाकतं, वेगळं काही घालावं लागत नाही. क्लोरीन किती उरलंय हे मात्र ही बाटली सांगणार नाही. त्यासाठी क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाची पेटी हवी, आणि पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं.

खरी अडचण तापमानाची. ३० ते ३७ अंश सेल्सिअस ही चाचणीची ऊब. एप्रिलमध्ये नाशिकला ती खोलीतच मिळते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा कुठवर उतरतो ते ठाऊकच आहे, आणि तेव्हा कपाटात ठेवलेली बाटली दूषित पाण्यालाही दोन दिवस काळी पडत नाही. हिवाळ्यातल्या ‘स्वच्छ’ निकालांवर म्हणूनच आमचा भरवसा नाही. थर्माकोलच्या खोक्यात जुना तारेचा १५ वॅटचा दिवा आणि एक तापमापक ठेवला की काम भागतं. एलईडी दिवा पुरेसा तापत नाही. पारा ४० च्या वर जाऊ देऊ नका. तेही नसेल तर बाटल्या गुंडाळून अंगाजवळ, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवतात, आणि ही युक्ती चालते.

प्रत्येक वेळी दोन जादा बाटल्या लावा. एकीत वीस मिनिटं उकळून झाकूनच थंड केलेलं पाणी, दुसरीत नाल्याचं. पहिली काळी पडली तर बाटल्यांचा तो गठ्ठाच बिघडलेला. दुसरी काळी पडली नाही तर ऊब कमी पडली किंवा लेप मेला. या दोन बाटल्यांशिवाय आलेला निकाल आम्ही विचारात घेत नाही. निकाल १२, १८, २४ आणि ४८ तासांनी बघा. जितक्या लवकर काळं, तितकी लागण जड, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

आता गोदावरी. रामकुंड, तपोवन किंवा दसक, कुठूनही पाणी भरलं तरी बाटली काळीच पडण्याची शक्यता मोठी. वाघाडी आणि नासर्डी शहरातूनच नदीला मिळतात, त्यामुळे ‘काळी पडली’ ही इथे बातमी नाही. आंघोळीच्या पाण्यासाठीचा आपल्याकडचा निकष १०० मिलीत ५०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचा गट) असा आहे आणि कमाल मर्यादा २,५००. ‘हो की नाही’ सांगणारी चाचणी त्याचं उत्तर देऊच शकत नाही. ज्यांना चिकाटी आहे त्यांनी पाणी पातळ करून लावावं. तीन बाटल्यांत १ मिली, तीनमध्ये ०.१ आणि तीनमध्ये ०.०१ मिली नदीचं पाणी टाकायचं आणि बाकी खुणेपर्यंत उकळून थंड केलेलं पाणी भरायचं. पहिल्या दोन ओळी पूर्ण काळ्या आणि तिसरी कोरी राहिली, तर नेहमीच्या एमपीएन (सर्वाधिक संभाव्य जिवाणूसंख्या) कोष्टकाप्रमाणे आकडा १०० मिलीत सुमारे २,४०० येतो. हा आकडा कोलिफॉर्मचा नाही, त्यामुळे सरकारी निकषाशी थेट ताडून पाहू नका. दोन घाटांची किंवा नाल्याच्या संगमाच्या वर-खालची तुलना करायला मात्र तो उपयोगी पडतो. सिंहस्थाच्या तोंडावर घाटाघाटांवर अशी नोंद ठेवायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

खाडीकडे वळण्याचं कारण नाशिकशीच जोडलेलं आहे. गोदावरी पूर्वेला जाते, पण वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून पश्चिमेला वाहते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. अशाच खाड्यांच्या चिखलात तिसऱ्या आणि कालवं हे खाण्याचे शिंपले वेचले जातात. कसारा घाट चढून येणाऱ्या मासळीबरोबर त्या आपल्या बाजारातही येतात. मग कुणीतरी विचारतं की तीच बाटली खाडीत लावली तर?

लावू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. खाडीच्या तळाचा चिखल काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असतो, कारण तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू तोच वायू सतत तयार करत असतात. पाय टाकून ढवळलेलं पाणी बाटलीत आलं की मैल्याचा थेंबही नसताना ती काळी पडू शकते. त्या जोरावर वेचणाऱ्या बायकांच्या मालावर बोट ठेवणं हा उघड अन्याय होईल.

दुसरं म्हणजे तिसरी खाताना आपण पाणी खात नाही. शिंपल्यातला जीव तासाला काही लिटर पाणी गाळतो आणि त्यातले जिवाणू अंगात साठवतो, म्हणून मांसातला आकडा भोवतालच्या पाण्याच्या कितीतरी पट असू शकतो. अमेरिकेत थेट खाण्यासाठी मंजूर पट्ट्यातल्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा मध्यक १०० मिलीत १४ च्या आत लागतो. आंघोळीच्या ५०० शी तुलना करा म्हणजे फरक कळेल. युरोपात मांसच तपासतात. ‘अ’ वर्गात ८० टक्के नमुन्यांमध्ये १०० ग्रॅममागे २३० ई. कोलायची मर्यादा पाळावी लागते, आणि ‘ब’ वर्गाचा माल शुद्धीकरण किंवा प्रक्रिया करूनच विकता येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये गावांचे स्वतःचे शिंपला-निरीक्षक असतात, आणि जोराच्या पावसानंतर काही पट्टे तपासणी होईपर्यंत बंद ठेवतात. आपल्याकडे किनारी पाण्याच्या वर्गवारीत शिंपल्यांचा समावेश एसडब्ल्यू-१ या सर्वात वरच्या वर्गात आहे, आणि तिथे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा. वर्ग कागदावर आहे. गावाने वेचणीच्या जागेवर नेमाने नमुना घ्यायचा, ही सवय अजून लागायची आहे.

तशी तपासणी करायची असेल तर साधन वेगळं. एका जागेवरचे दहापेक्षा जास्त जिवंत नग, चिखल धुऊन, स्वच्छ पिशवीत, बर्फाच्या पेटीत ठेवा, पण बर्फ किंवा वितळलेलं पाणी शिंपल्यांना लागू देऊ नका. प्रयोगशाळेला ‘मांस आणि आतल्या रसातला ई. कोलाय, एमपीएन पद्धतीने’ असं लेखी सांगा. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत, गुडघाभर पाण्यात, ढवळलेल्या जागेपासून दूर आणि प्रवाहाकडे तोंड करून घ्या. शक्यतो सहा तासांत तो तपासणीला लागायला हवा. ओहोटीला घेतलेला आणि भरतीला घेतलेला नमुना एकत्र मोजू नका, कारण ओहोटीला गावाकडचं पाणी जास्त असतं.

नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी एवढंच: तोंड उघडलेली तिसरी टिचकी मारून मिटत नसेल तर फेका, आणि शिजून उघडली नाही तर तीही. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवल्याने वाळू निघते, जिवाणू निघत नाहीत. खरं शुद्धीकरण म्हणजे निर्जंतुक केलेल्या, फिरत्या खाऱ्या पाण्यात साधारण दोन दिवस, आणि त्यानेही विषाणू किंवा जड धातू खात्रीने जात नाहीत. नुसती वाफ दाखवून उतरवू नका. मांस आतपर्यंत ९० अंशांवर किमान दीड मिनिट राहायला हवं. सुकं करताना झाकण ठेवून नीट उकळी आणलीत तर ते सहज होतं. शेवाळातून येणारं विष मात्र शिजवूनही उतरत नाही.

बाटलीबद्दल शेवटच्या दोन गोष्टी. घेताना मुदत आणि गठ्ठा क्रमांक बघा, कागदावर पांढरी बुरशी किंवा ओल दिसली तर परत करा, साठा उन्हात ठेवू नका. आणि काळी पडलेली बाटली म्हणजे जिवाणूंचं वाढवलेलं पीक आहे. तिच्यात टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) दाट द्रावण ओता, तासभर ठेवा, मग संडासात रिकामी करा. मोरीत किंवा विहिरीजवळ नाही. तीच बाटली धुऊन पुन्हा वापरता येत नाही.